बुधवारची खोली

सालीघाट
९ जानेवारी २०२५

चि. अश्वजीत यास आईचा जयभीम आणि अनेक आशीर्वाद,

वि. वि. आशीर्वाद आधीच लिहून टाकला. पुढं लिहिता लिहिता तो जमेल की नाही, मला भरवसा नाही.

तुझा फोन मी मुद्दाम उचलला नाही. कॅन्सरपायी जीभ अर्धी कापल्यापासून मी काही बोलते अन् तू तिकडून 'काय? काय म्हटलं?' करत राहतो. त्यात भांडण होत नाही, नुसती थट्टा होते. मोबाईलवर बोटानं लिहायला गेलं तर एक ओळ पुरी होईपर्यंत राग थंडा होते. म्हणून कागद घेतला. तूही कागदावरच उत्तर दे.

काल तू न सांगता आला, मला आनंद झाला. किमोच्या खोलीत शिरला अन् माझा डावा हात पाहिला, इथपर्यंत ठीक. मग तू दीक्षा सिस्टरला सगळ्यांसमोर विचारलं की तुला सुई धरता येते, की झाडू मारता मारता नर्स झाली? अश्वजीत, हे वाक्य आपल्या घरानं कुठं ऐकलं आहे, विसरला काहून? तुझ्या बाबांना फॅक्टरीतला एक फोरमन असंच बोलायचा. बाबा त्या दिवशी घरी येऊन जेवत नव्हते. तू लहान होता, पण ताट तसंच परत जाताना तू पाहिलं आहे. अन् तेच वाक्य तू कुणाला ऐकवलं? बालाघाटहून आलेल्या, आपल्याच समाजातल्या पोरीला.

हाताचं काय झालं ते तू विचारलंच नाही, म्हणून सांगते. मागच्या बुधवारी सुई शिरेतून सरकली अन् औषध कातडीखाली गेलं. मला जळजळ झाली, मी हात हलवला. तिनं लगेच बॉटल बंद केली, बर्फ लावला, जबलपूरच्या डॉक्टरीणबाईंना व्हिडिओवर हात दाखवला अन् रोज घरी येऊन पाहून गेली. माझ्यापासून काही लपवलं नाही. हे मोठ्या दवाखान्यातही होते, असं डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या.

तू म्हणतो जबलपूरला चल. मी गेली नव्हती काय? पहाटे बस, नेपियर टाउनमध्ये रक्ताची तपासणी, मग मोठ्या दवाखान्याची लाइन, अन् परत येताना खिडकीतून उलट्या. इथं मी पायी जाते. गावच्या सरकारी दवाखान्यात दोन बेडची खोली आहे. माझ्या बाजूच्या बेडवर सुकवारो असते. नदीपलीकडच्या टोल्यातली, छोट्या वस्तीतली गोंड बाई, छातीची गाठ आहे तिला. मला 'मास्टरिन बाई' म्हणते. तिची नात माझ्या शाळेत होती, म्हणून मला शिक्षिकेचा मान अन् तिला माझ्यावर हसायचा हक्क. मला जेवढं बोलता येते तेवढं तिला बरोबर समजते, काय-काय करत नाही. संध्याकाळी ती घरी जाऊन आपली चूल पेटवते. जबलपूरला दोनदा जाऊन इलाजाविना परत आली होती. या खोलीनं तिला धरून ठेवलं आहे.

दीक्षा सिस्टरची माफी माग. दीपाला अन् प्रणोतीला आशीर्वाद. लोभ आहे, पण सध्या रागाच्या खाली दबला आहे.

तुझी,
आई

*

अधारताल, जबलपूर
१६ जानेवारी २०२५

ती. आईस, सविनय जयभीम,

वि. वि. पत्र मिळालं. तू म्हटलं म्हणून कागदावर लिहून राहिलो, नाहीतर ऑफिसात लोक हसून राहिले की रेल्वेवाला आता चिठ्ठ्या टाकून राहिला.

आई, तुझा हात कोपरापर्यंत सुजलेला होता. काळानिळा, वर फोड. मी काय करायचं होतं, सिस्टरला हार घालायचा? अच्छा, झाडूवालं वाक्य चुकलं. ते मी मानतो. बाकी एक शब्द परत घेणार नाही.

तूच मला शिकवलं की आपल्याला उरलंसुरलं घ्यायचं नाही, बरोबरीचं मागायचं. मग शहरातल्या माणसाला डॉक्टर अन् सालीघाटच्या माणसाला नर्स, हे काय आहे? कोपऱ्यातली खोली, भिंतीला ओल, पंखा कुरकुरतो, डॉक्टर मोबाईलच्या पडद्यात. वर आम्ही खुश व्हायचं की चलो, काहीतरी आहे! मला राग येते. तुझ्यावर नाही, या 'काहीतरी आहे' वर.

म्हणून मी गप्प बसलो नाही. जिल्ह्याच्या साहेबांकडे लेखी तक्रार दिली. कमानिया गेटजवळ आपला दिवाकर बसते ना, जो मोबाईलवर बातम्या चालवते, त्याला तुझ्या हाताचा फोटो दिला. बातमी हजारो लोकांनी पाहिली. आता हलतील.

दीपानं तुझ्यासाठी खालची खोली तयार केली आहे. संडासात धरायला दांडी लावली. तुझ्या सगळ्या भाज्या मिक्सरमध्ये कशा काढायच्या, ती शिकली. प्रणोती रोज विचारते आजी कधी येणार. मी गाडी घेऊन येतो, फक्त तारीख सांग.

रागावली तरी मुलगा समजूनच रागाव.

तुझा,
अश्वजीत

ता. क. आजी मी प्रणोती. मला मराठी लिहायला नाही जमत, पापा हसतात. तू ये ना. मी तुझ्या सोबत खिचड़ी खाणार, सच में.

*

सालीघाट
२३ जानेवारी २०२५

अश्वजीत,

आज चि. नाही, आशीर्वाद नाही. तुझ्या मनासारखं झालं, ते ऐक.

हलले तुझे साहेब. काल बुधवारी मी खोलीवर गेली तर दाराला कुलूप. वरून जिल्ह्याचा कागद आला की तक्रारीची चौकशी होईपर्यंत किमो बंद. औषधं खोक्यात भरून परत पाठवली. दीक्षा सिस्टरला जबलपूरच्या एका ऑफिसात नेऊन बसवलं, तिथं ती लसीकरणाचे आकडे भरते. सहा महिने शिकून आलेली पोरगी आकडे भरते! तुला राग येते ना 'काहीतरी आहे' वर? घे, आता काहीच नाही.

सुकवारो आली होती. नवरा शालिग्राम सोबत होता. नावेतून नदी पार करून आलेली, डोक्याला गमछा, हातात भाकरीचा डबा. तिनं चौकीदाराला विचारलं की कब खुलेगा. तो म्हणाला हमको क्या पता, जबलपूर जाओ. ती पायरीवर बसून राहिली. तिला वाटलं सिस्टर उशिरा येईल. मी तिला सांगत होते की ती येणार नाही, अन् या तोंडातून शब्द निघेना. पहिल्यांदा तिलाही माझं बोलणं समजलं नाही. का समजलं नाही, तर मी रडत होते.

मी तुला बरोबरीचं माग म्हटलं होतं. आहे ते बंद कर म्हटलं नव्हतं. दुसरी नर्स माग, पंखा माग, डॉक्टर माग. तू काय मागितलं? 'कारवाई.' कारवाई करायला त्यांना नेहमीच आवडते. कुलूप लावलं की झाली कारवाई. खर्च नाही, डोक्याला ताप नाही.

अन् तो फोटो! माझा हात हजारो लोकांनी पाहिला म्हणतो. मला विचारलं होतं? बातमीत जिभेचा कॅन्सरही सांगून टाकला, अन् इथं किराणा दुकानात बाया मला विचारून राहिल्या की मास्टरिन, आप तंबाकू बहुत खाती थीं क्या. जन्मात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नाही मी. आता दुकानात उभं राहून हे कुणाकुणाला सांगू, तेही या जिभेनं?

मी तुझ्या तयार खोलीत येणार नाही. दीपाला सांग, तिच्यावर माझा राग नाही.

आई

*

अधारताल
३० जानेवारी २०२५

ती. आईस, सविनय जयभीम,

वि. वि. तुझं पत्र दीपानं आधी वाचलं अन् माझ्यासमोर ठेवून उठून गेली. दोन दिवस घरात कुणी माझ्याशी सरळ बोललं नाही.

खोली बंद करा, असं मी लिहिलं नव्हतं. दोषींवर कारवाई करा असं लिहिलं होतं. मला काय माहीत हे असे लोक आहेत. पण आई, तू सगळं माझ्या माथी मारून राहिली. ज्या दवाखान्याचं एका कागदावर कुलूप लागते, तो आधीच किती कच्चा होता? त्यांचा राग तू माझ्यावर काढते, कारण मी हाताला लागतो.

चलो, आता भांडून उपयोग नाही. तुमचा इलाज थांबायला नको. बुधवारी, ५ तारखेला, मी गाडी करून येतो. तुला नेतो अन् सुकवारोबाईलाही नेतो. दोघींचं मोठ्या दवाखान्यात करवून संध्याकाळी सोडून देतो. दर बुधवारी हेच करू. मी सुट्ट्या काढीन. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी तरी गाडीत बस.

लोभ उरला असेल तर तो ठेव.

तुझा,
अश्वजीत

*

सालीघाट
१३ फेब्रुवारी २०२५

अश्वजीत यास जयभीम,

तू गाडी आणली, मी बसली. सुकवारोला मीच हात धरून बसवलं. त्या दिवशी तुझ्यासमोर मी काही लिहून दाखवलं नाही, कारण तूही थकला होता. आता लिहिते.

माझं नाव तिथं आधीपासून होतं, मला बेड मिळाला. तिला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवलं. तिचं इलाजाचं सरकारी कार्ड जुनं निघालं. मग रक्ताचा रिपोर्ट नाही म्हणाले. तो आला तेव्हा बेड संपले होते. तू धावपळ केली, ते मी पाहिलं, नाही म्हणत नाही. पण मी औषध घेऊन आली अन् ती भाकरीचा डबा न उघडता परत आली. गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. तिला सारखं वाटत होतं की आपल्याकडून तुझी गाडी घाण होईल, म्हणून ओंजळ तोंडाशी धरून बसली होती. समोर बसलेल्या तुला ते दिसलं नाही.

काल तू पाठवलेली गाडी पुन्हा आली तेव्हा ती नदीच्या अलीकडे आलीच नाही. शालिग्राम एकटा आला. हात जोडून म्हणाला की बाई आता जात नाही म्हणते. मी मागे लागली, तर तो म्हणाला की घर में मरेगी तो कम से कम अपनी खटिया पे मरेगी. मीही मग गाडी परत पाठवली. म्हटलं, तिच्याशिवाय मी पण नाही.

तिच्या गाठीला जखम झाली आहे, शालिग्रामनं सांगितलं. कण्हत राहते. तिच्या दुखण्यावर द्यायला या गावात तापाच्या गोळीपलीकडे काही नाही.

तू म्हणतो, तू हाताला लागतो म्हणून तुझ्यावर राग काढते. बरोबर आहे. मग आता तू त्यांच्या हाताला लाग. गाडी, खोली, संडासातली दांडी यातून बाहेर ये. जिथं जाऊन कुलूप लावून घेतलं, तिथं जाऊन ते काढ. कसं काढायचं, ते मला विचारू नको. लावताना विचारलं नव्हतं.

आई

*

अधारताल
१७ मार्च २०२५

ती. आईस, सविनय जयभीम,

वि. वि. महिनाभर पत्र नाही, कारण सांगण्यासारखं काही नव्हतं.

तक्रार मागे घ्यायला गेलो, तर बाबू म्हणाला की एकदा आलेली तक्रार परत जात नाही. साहेब म्हणाले की खोली बंद आहे म्हणजे मरीज सुरक्षित आहेत. मी विचारलं, कसे सुरक्षित? ते म्हणाले, तेव्हापासून एकही तक्रार आली नाही. आई, मी तिथं खुर्ची फेकणार होतो. माझीच तक्रार माझ्याच तोंडावर. रोज ऑफिस सुटलं की त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. चपराशी मला पाहून हसायला लागला, मग हसायचा थांबला.

दीक्षा सिस्टरला भेटलो. माफी मागितली. 'काही हरकत नाही' असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली की भैया, माफी नंतर, आधी लिहून द्या की तुम्हाला काय पाहिजे, बंद की दुरुस्त. मग तिनं सांगितलं अन् मी लिहिलं: दुसरी शिकलेली नर्स, औषध सांडलं तर लागणारं सामान, महिन्यातून एकदा जबलपूरहून डॉक्टर, अन् दुखण्याच्या गोळ्या सालीघाटलाच. त्यावर मोठ्या दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी सही केली. दिवाकरनं तीही बातमी चालवली. ती फार कुणी पाहिली नाही.

आता जे सांगायचं आहे ते. डॉक्टरीणबाईंनी सुकवारोबाईला शालिग्रामच्या भावाच्या मोबाईलवर पाहिलं अन् मॉर्फीनच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन काल रविवारी दीक्षा सिस्टर तिच्या घरी गेली. घाटापर्यंत मी गाडी चालवली, पुढं नावेतून गेलो. तुझ्या घरावरूनच गेलो, पण थांबलो नाही. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही.

सिस्टरनं जखम धुतली. वास असा होता की मी अंगणात निघून गेलो. तिनं तोंडही वाकडं केलं नाही, सुकवारोबाईचं नाव घेऊन बोलत राहिली अन् कापूस बदलत राहिली. मी पुन्हा आत गेलो तर सुकवारोबाईनं डोळे उघडून मला पाहिलं. सिस्टरला म्हणाली की मास्टरिन बाई का लड़का है न, इससे कहो यहाँ जोर से न बोले.

मी बोलतच नव्हतो, आई.

बाहेर येऊन शालिग्रामला सांगितलं की कुलूप माझ्यामुळे लागलं. तो उठून आत गेला. मग सिस्टरसाठी चहा आणला. मला विचारलं नाही. मी उभाच होतो. त्यानं बरोबर केलं.

गोळीनं थोड्या वेळात तिला झोप लागली. सिस्टरनं त्याला पुन्हा पुन्हा समजावलं की दुखण्याची वाट पाहायची नाही, वेळ झाली की द्यायची. परत येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती.

खोलीचा कागद सहीला गेला आहे म्हणतात. म्हणतात, एवढंच.

लोभ ठेव असं म्हणायचा हक्क नाही, तरी मागतो.

तुझा,
अश्वजीत

*

सालीघाट
२७ मार्च २०२५

चि. अश्वजीत यास आईचा जयभीम आणि आशीर्वाद,

वि. वि. काल बुधवारी खोली उघडली. दीक्षा सिस्टर परत आली, सोबत एक नवीन पोरगी शिकायला. पंखा तोच आहे. भिंतीला चुना मारला, ओल त्यातूनही वर आली. दुखण्याच्या गोळ्यांचं कपाट आलं, किल्ली सिस्टरजवळ.

सुकवारो सोमवारी गेली. शालिग्राम सांगायला आला होता. अंगणात उन्हाला खाट टाकायला लावली, पेज प्याली, अन् दुपारी झोपेतच गेली. शेवटचे दिवस कण्हली नाही, हे त्यानं मला दोनदा सांगितलं. गोळ्या उरल्या होत्या, त्या परत द्यायला तो आला होता. तू तिथं गेला अन् तोंडानं सांगून आला, हे मला त्याच्याकडूनच कळलं, तुझं पत्र नंतर आलं. माफ केलं का, असं मी त्याला विचारलं नाही. ते विचारणं माझं काम नाही, तुझंही नाही.

पण मला कुणी तरी सांगावं की त्या आठवड्यांत तिची गाठ कुठवर गेली. काल व्हिडिओवर डॉक्टरीणबाईंना मी कागदावर लिहून विचारलं की खोली चालू असती तर ती वाचली असती काय. त्या म्हणाल्या, सांगता येत नाही. मी चिडली. मग पाहिलं की त्यांचेही डोळे भरले होते. अश्वजीत, हे 'सांगता येत नाही' तुला अन् मला आता बाळगावं लागेल. मी एकटी बाळगणार नाही, म्हणून लिहिलं.

माझं सांगते. मधले बुधवार गेले, जिभेनंतर मानेत आलेली गाठ वाढली आहे. गाडी मी स्वतः परत पाठवली होती, त्याचं ओझं तुझ्यावर नाही. औषध बदलून पाहायचं की थांबायचं, ते मी ठरवीन. ठरलं की तुला कळवीन, विचारणार नाही. काहीही ठरलं तरी राहीन इथंच. दीक्षा सिस्टर घरी येईल म्हणाली आहे. दीपानं ती दांडी काढू नये, कुणाच्या तरी कामी येईल. प्रणोतीला म्हण, खिचडी खायला तिनंच सुट्टीत इकडे यावं.

आता शेवटचं, अन् हे नीट वाच. काल सिस्टरकडून कळलं की जिल्ह्यात अशाच आणखी दोन खोल्या होत्या. ज्या कागदानं आपली बंद झाली, त्याच कागदानं त्याही बंद झाल्या. आपली उघडली, कारण तू रोज जाऊन दारात उभा राहिला. तिथल्या बायांसाठी कुणी उभं नाही. त्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत. त्याही पायरीवर बसून परत गेल्या असतील.

रेल्वेतून रजा काढ. त्या पोरीवर ओरडला होता ना, तेवढ्याच जोरानं साहेबांवर ओरड. दिवाकरला घेऊन जा, फोटो काढायचा असेल तर कुलपाचा काढ. माझा राग अजून गेला नाही. तो मी तुला देऊन टाकते, तुझ्याजवळ जास्त कामी येईल.

त्या दोन खोल्या उघडल्याशिवाय सालीघाटला येऊ नको. अन् लवकर ये.

तुझी,
आई